सुजूचं हाय

अक्का, अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नकोस. चौथीनंतर पेन धरलं ते वाणसामान लिहिण्यापुरतंच. हे पोस्टात टाकीन असंही नाही.

सांगलीहून निघालो तेव्हा तू एसटीच्या खिडकीतून सुजूला राजगिऱ्याचे लाडू दिलेस. आठ वर्षांची पोर, तुझं बोट सोडेना. तिचे वडील जपानात हॉटेलात आचारी होते, त्यांच्याकडे आम्ही दोघी चाललो होतो. गावाचं नाव हिगाशी-कसाई ऐकून आई दचकली. म्हणाली, "पोरीला जप गं तिथं."

सुजू मोठी होईपर्यंत इथं आपल्याकडच्या इंजिनिअरांची रीघ लागली. ऑफिसातून परतताना ते हॉटेलात जेवायला येत, आणि ह्यांना प्रत्येक टेबलावर जावई दिसू लागला. डाळ वाढता वाढता गाव, घर, पगार विचारून घेत. सुजू तेव्हा कॉलेज सांभाळून ब्रेडच्या दुकानात बाइतो करायची, म्हणजे अर्धवेळ काम. केन्जी तिथलाच, तिच्याबरोबर कामाला. मला बघितलं की कमरेत वाकायचा. मी लाजून पदरच सावरत बसायचे.

एका रविवारी त्यानं आम्हा मायलेकींना वॉर्डाच्या सभागृहात जुना फ्रेंच सिनेमा दाखवला. बोलणं फ्रेंच, खाली अक्षरं जपानी, आणि सुजू माझ्या कानात मराठी सांगतेय. एका पोरीचं एकावर मन, आणि दोन्हीकडचे आईबाप सारखे मध्ये लुडबुडतात. सगळे हसून घ्यायचे, मग माझं हसू यायचं, एकटीचं. केन्जीला त्याची गंमत वाटायची. शेवटी बाप पोरीला विचारतो, तुला काय हवंय? ते सांगून सुजू पुन्हा पडद्याकडे वळली.

"पुढं काय म्हणाली ती?"

"काही नाही गं आई. झालं त्यांचं लग्न."

त्याच आठवड्यात जेवताना ह्यांनी हॉटेलात येणाऱ्या पुण्याच्या एका मुलाचं सगळं सांगितलं. सुजू मान खाली घालून अधूनमधून "हाय, हाय" म्हणत होती. ह्यांच्या किचनमध्ये जपानी हाय म्हणजे हो, ऑर्डर घेतली. ह्यांनी उठून पुण्याला त्याच्या घरी फोन लावला आणि शब्द दिला.

भांडी विसळताना सुजू म्हणाली, "मी हो कुठं म्हटलं? ऐकतेय, एवढंच म्हटलं. इथं तसंच म्हणतात."

मी हात न पुसता जाऊन ह्यांना सांगितलं. एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"आता शब्द गेला," ते म्हणाले. "आणि पोरगा आपला आहे. आणखी काय पाहिजे तिला?"

सुजू भांडली नाही. ब्रेडचं दुकान तिनं सोडलं. केन्जीला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

जावई चांगला आहे, खोटं कशाला बोलू. त्याचं प्रोजेक्ट संपलं आणि दोघं पुण्याला गेले. आम्ही म्हातारी माणसं इकडे आणि इथं वाढलेली पोर तिकडे. ओला कचरा, प्लास्टिक, बाटल्या वेगळं करत बसते म्हणून सासरी तिची थट्टा होते. फोनवर मराठीत सुरू करते आणि रडायला लागली की जपानीत जाते. मला निम्मं कळत नाही. तेव्हा मधे सांगायला कुणी नसतं.

मला अजून घर म्हटलं की आपली सांगली दिसते. तिला हे दोन खोल्यांचं बिऱ्हाड दिसतं.

काल म्हणाली, "आई, मला घरी यायचंय."

हे शेजारीच बसले होते. त्यांना ऐकू गेलं. म्हणाले, "सांग तिला, तू घरीच आहेस."

मला ते सांगता आलं नाही.