खालच्या प्रवाशाला कळवायचं राहिलं

विमानतळाच्या मालगोदामात आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मी हिशेबाच्या टेबलावर, ते वजनकाट्यावर. परमुलखात वारलेल्यांच्या शवपेट्या त्यांच्या गावी रवाना करणं हे त्यांचं काम.

पेटीवर चिठ्ठी चिकटवून पट्टे आवळले, की मामा कमरेत वाकायचे आणि झाकणाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात अंतर किती, वेळ किती, हे सांगायचे. वर बसलेल्यांना कॅप्टन सांगतो, मग खालच्यांनीच काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. हमाल टर उडवायचे. "मामा, खिडकीची जागा हवी का, तेही विचारा."

"तुझ्या वेळी विचारीन," मामा म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात एका तरुण वेल्डरची पेटी आली. परांचीवरून पडून गेला होता. थोरला भाऊ त्याच विमानाने निघालेला. तिकडे आई अंथरुणाला खिळलेली. धाकट्याचं तोंड बघायला जीव धरून होती. उद्यापर्यंत पोचायलाच हवं, असं भाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होता. मामा त्याच्यादेखत वाकले. "सहा हजार आठशे किलोमीटर. साडेआठ तास. स्वस्थ पडून राहा."

विमान उडालं आणि मागोमाग निरोप आला. वाटेतल्या एका देशाने आपल्या हद्दीवरून विमानं नेण्यास बंदी केली होती. वळसा घालून जायचं, तीन तास जादा. मी सहज मामांच्या कानावर घातलं. त्यांचा चेहरा उतरला.

"वरच्यांना कळवतील," ते म्हणाले. "खाली कोण सांगणार?"

भावाचा फोन बंद होता. मामा त्या दिवशी घरी गेलेच नाहीत. काट्याशेजारच्या स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी भावाचाच फोन आला. जे सांगितलं ते मामांच्या शेजारी उभं राहून मीही ऐकलं. साडेआठ तास भरले आणि विमानाच्या जमिनीखालून ठकठक सुरू झाली. आधी लांबून, मग बरोबर त्याच्या पायांखाली. बंद दारावर कोणी बोटं वाजवावीत तशी, सारख्या अंतराने. शेजारच्या बाईंनी पाय वर घेतले. सामान सुटलं असेल, जवळच्या विमानतळावर उतरून बघावं लागेल, असं कॅप्टननं जाहीर केलं. म्हणजे दोन दिवस गेलेच. तेवढी आई थांबणार नव्हती.

भाऊ दोन रांगांच्या मधल्या वाटेत गुडघे टेकून बसला आणि गालिच्याला तोंड लावून म्हणाला, "अरे, वळसा पडलाय. अजून तीन तास आहेत. मी वरच आहे."

आवाज थांबला. बराच वेळ वाट पाहून कॅप्टननं विमान सरळ नेलं. आईला धाकटा दिसला.

मामांनी एकच विचारलं, "पट्टे?"

"तुम्ही आवळले होते तसेच," भाऊ म्हणाला.

आता हमाल थट्टा करत नाहीत. मामा अजून वाकतात, अंतर आणि वेळ सांगतात, आणि पुढे जोडतात, "उशीर झाला तर वरचा माणूस सांगेल." पण काही पेट्यांबरोबर कोणीच नसतं. तिथे मामा वेळ सांगतच नाहीत. झाकणावर हात ठेवून नुसते उभे राहतात, आणि विमान उतरल्याचं कळेपर्यंत स्टुलावरून उठत नाहीत.