न प्यायलेली दारू

कटिंग मास्तर दारूच्या थेंबालाही कधी शिवले नव्हते, तरी कपड्यांच्या त्या कारखान्यात बेवडे म्हणून त्यांचं नाव झालं होतं. आणि ते त्यांनी खुशाल होऊ दिलं होतं!

दोन वर्षांपूर्वी ऐन उकाड्यात त्यांचा पहिल्यांदा तोल गेला. हातातली कात्री पडली, जीभ जड झाली. शिलाईवाल्या बायका खिदळल्या, "काय मास्तर, आज सकाळपासूनच का?" डॉक्टरांनी निदान केलं मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार. मास्तरांनी डोकं चालवलं. पिणाऱ्याला मालक चार शिव्या घालून ठेवून घेतो, आजाऱ्याला गोड बोलून घरी बसवतो. मग तेही हसणाऱ्यांत सामील झाले. बायकोला मात्र दम भरला, "कुठे अवाक्षर काढायचं नाही." शहाणाच माणूस!

आजार काही गप्प बसेना. गेल्या महिन्यात कापडाचा अख्खा थर वाकडा कापला गेला आणि नोकरी जायची वेळ आली. इस्पितळात अशा रुग्णांच्या नोकरीचं बघणाऱ्या सल्लागार बाई म्हणाल्या, "मालकांना खरं सांगून टाकू. बसून कापायला उंच स्टूल, टेबलाशी पंखा, दुपारी जरा विश्रांती. मागायचंय ते एवढंच."

मालकांच्या केबिनमध्ये बाईंनी सगळं नीट सांगितलं. शेजारी बायको बसली होती. मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"स्टूल आजच आणवतो, त्यात काय एवढं?" मालक म्हणाले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण मालक उठले आणि मास्तरांच्या बायकोकडे वळले. "वहिनी, माफ करा मला. यांचं पिणं सुटावं म्हणून मागे तुम्हाला इथे बोलावून घेतलं, चार माणसांत नाही नाही ते बोललो. नवरा सांभाळता येत नाही म्हणालो. तुम्ही एका शब्दाने सांगायचं तरी!"

मास्तरांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"सांगू नको म्हणाले होते," बायको म्हणाली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर मान करून तिच्याकडे बघायचीही सोय उरली नाही.

नोकरी राहिली. निघताना पाय लटपटले, तसा बायकोने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. तो धरायची त्यांना लाज वाटली, आणि धरल्याशिवाय चालताही येईना.