काळी या अर्थाचं नाव

माझ्या मुलीचं नाव आयरिश आहे. ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. अर्थ मात्र सांगते: काळी. वाचून कपाळाला आठी पडली असेल तर पडू दे.

मीही काळीच आहे. लग्नाच्या वेळी स्थळांना पाठवायच्या माहितीपत्रकात आईने माझा रंग ‘गव्हाळ’ लिहिला होता. सासरच्यांनी एका भेटीत काय ते पाहून घेतलं आणि तरी होकार दिला, याचे उपकार मला पुढे बरीच वर्षं ऐकावे लागले. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी निवडलेलं, अर्थ चांदण्यासारखी. मांडवात कोणीतरी म्हणालं, “चला, नावाने तरी उजळली!” सगळे हसले. मीही हसले, त्याचा मला अजून राग येतो. माझ्या पासपोर्टवर आणि एमिरेट्स आयडीवर आज तेच नाव आहे.

मला दिवस गेले तेव्हा आम्ही नुकतेच दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आलो होतो. सातव्या महिन्यात सासूबाई पुण्याहून आल्या त्या केशराच्या डब्या घेऊन. दुबईत केशर पैशाला पासरी मिळतं, पण त्यांचा विश्वास त्यांच्या दुकानदारावर. रोज रात्री पिवळंधम्मक दूध समोर यायचं. “बाळ उजळ होतं,” त्या म्हणायच्या. मी ते सिंकमध्ये ओतायचे. सोबत मुलींच्या नावांची यादीही आणली होती. सगळी नावं गोरी, शुभ्र नाहीतर चंद्राची.

मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते, तिथे आयर्लंडची एक शिक्षिका होती. तीही गरोदर. जेवणाच्या सुट्टीत माझे धपाटे खाता खाता ती तिच्या आईने पाठवलेल्या पुस्तकातून नावांचे अर्थ वाचून दाखवायची. हरणाचं पाडस. सीलचं पिल्लू. तेज. आणि एक दिवस, काळी. मी घास तसाच हातात धरून बसले. देवाचा रंग म्हणून नाही, कशाची उपमा म्हणून नाही, नुसतंच काळी. जिथे सगळे पांढरेफटक, तिथले आईबाप मुलीला हौसेने काळी म्हणतात! नाव मी तिथेच नक्की केलं.

मुलगी झाली, थेट माझ्या रंगाची. जन्मदाखल्याचा फॉर्म आला तेव्हा सासूबाईंनी यादी पुढे केली. मी ठरवलेलं नाव सांगितलं, अर्थही सांगितला.

“अगं, स्वतःच्या पोरीला काळी म्हणून हाक मारणार?” त्यांचा आवाज चढला. “जगाला दिसत नाही का, म्हणून वर सांगायचंय?”

“दिसतंय ना? मग लपवायचं कशाला?”

“आई, खलास, बस झालं,” नवरा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता पेन पुढे केलं. “तांदळात मी लिहिलं होतं. हे तू लिही.” मी लिहिलं.

महिन्याभराने माझी ती आयरिश मैत्रीण बाळाला बघायला आली. बाळाचे दाट केस पाहून म्हणाली, नाव अगदी शोभतंय, आमच्याकडे हे काळ्या केसांवरून ठेवतात. त्वचेचा काही संबंध नाही. माझा चेहरा पडला. सासूबाईंचा मात्र खुलला. त्याच दिवसापासून पुण्यात फोन सुरू झाले: “काळ्याभोर केसांची, असा अर्थ आहे हो!”

दोन दिवस मी स्वतःवर चरफडले. मग म्हटलं, त्यांच्या देशात केसांवरून असेल. माझ्या घरात मी ते अंगाच्या रंगावरून ठेवलंय. लेकीला मी पहिल्यापासून तेच सांगत आले.

गेल्या गणपतीत सासूबाई इथेच होत्या. लेक आता सात वर्षांची आहे. दर्शनाला आलेल्या शेजारच्या काकूंनी तिला नावाचा अर्थ विचारला.

“काळ्याभोर केसांची,” सासूबाईंनी घाईने सांगून टाकलं.

“नो आजी, नॉट जस्ट हेअर,” लेक म्हणाली. तिने बाही वर सरकवून हात काकूंपुढे धरला. “इट मीन्स डार्क. ऑल ऑफ मी. लाइक आई.”

सासूबाई खाली मान घालून निरंजनाची वात सारखी करू लागल्या. काकूंना कसंनुसं झालं. त्यांनी तो हात कुरवाळला आणि माझी समजूत घालावी तशा म्हणाल्या, “छे गं, कोण म्हणतं? एवढी काही काळी नाहीये.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं.

“आहे, काकू,” मी म्हणाले. “नीट बघा. काळीच आहे.”