बेटावरचे अकरा जण

साठीच्या दशकातली गोष्ट. मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये नायक होतो. पोस्टिंग डहाणूसमोरच्या एका लहान बेटावर. माझं घर वाणगावला. किनारा रोज दिसायचा, रजा मात्र मिळत नव्हती. सोबत एकच ऑपरेटर, लान्स नायक देवजी धोडी, तलासरीकडच्या उधव्याचा. बोटींवर नजर ठेवायची आणि दर दोन तासांनी वायरलेसवर रिपोर्ट द्यायचा, एवढंच काम. बेटाच्या दुसऱ्या टोकाला मासळी सुकवणारी नऊ माणसं झोपड्या टाकून राहायची. त्यांत वडीलधारी काशीबाई.

त्या दिवशी सकाळी सहाला वारा फिरला. साडेसातला वादळाचा मेसेज आला. तोवर समुद्र असा खवळला होता की होडी लोटता येईना. देवजी धावत गेला आणि नऊही जणांना आमच्या विटांच्या खोलीत घेऊन आला. आठला पत्रे उडाले. नऊला पाणी कमरेला लागलं. आम्ही सगळे बाहेरच्या पिण्याच्या पाण्याच्या सिमेंटच्या टाकीवर चढलो. चहूकडे पाणी. पाय हलवायलाही जागा नव्हती. सेट मी छातीशी धरून बसलो होतो.

एरियल तुटल्याने सेट मुका झाला होता. बाजूचा खांब अजून उभा होता. देवजी म्हणाला, "उस्ताद, मी वायर वर धरतो. तुम्ही बोला."

मी नको म्हणालो. तोवर तो खांबावर चढला होता.

"बेटावर अकरा जण. बोट पाठवा. ओव्हर."

"मेसेज मिळाला. आज बोट निघणार नाही. तिथेच थांबा. ओव्हर."

पुढच्याच झोतात खांब आडवा झाला. देवजी टाकीच्या कडेवर आपटला. त्याला ओढून वर घेतलं, पण कमरेखाली त्याला काही जाणवत नव्हतं.

दुपारी तीनला पाणी उतरलं. टाकीत खारं पाणी शिरलं होतं. काशीबाईने येताना तोंड बांधलेली एक कळशी आणली होती, तेवढंच गोडं पाणी. बाकीच्यांना तिने फक्त ओठ ओले करू दिले. उरलेलं घोट-घोट देवजीला पाजलं. कोणी तक्रार केली नाही. त्याने दोनदा बोटीची वेळ विचारली. मी दोन्ही वेळा खोटं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो गेला. बोट दुपारी चारला आली.

आठवड्याने मी उधव्याला गेलो. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाणी भेटलं का त्याला?"

"भेटलं, बाबा. सगळ्यांच्या वाटणीचं."

त्यांनी मान हलवली आणि मला जेवून जायला सांगितलं. मी जेवलो.

देवजी लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. त्याचा आवाज मला आता नीट आठवत नाही. त्या टाकीवरून दहा माणसं जिवंत उतरली. त्यांतला एक मी.