देवघरातली चावी

चोरीच्या शेकडो केसेस केल्या, बहुतेक विसरलो. त्या पांढऱ्या गाडीची केस मात्र डोक्यातून जायला तयार नाही. गाडी सापडली, आरोपी सापडले, वरून शाबासकीही आली. तरी ती आठवली की थकल्यासारखं होतं.

वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. फिर्यादी ठिबकच्या सामानाचे मोठे विक्रेते. घराणं मूळचं भाजीपाला पिकवणारं, आता गावातलं वजनदार. त्यांच्या पोर्चमधून भर दुपारी महागडी गाडी गेली. एप्रिलचं ऊन, घरातले सगळे जेवून आडवे झालेले. काच फुटली नव्हती, कुलूप तुटलं नव्हतं. गाडी बिनचावीची, म्हणजे चावी फिरवावी लागत नाही. खिशात असली की दार उघडतं आणि बटण दाबलं की इंजिन सुरू होतं.

पंचनामा करताना मालकांनी चावी दाखवली. ती देवघरात देवापुढे होती, हळदकुंकू लागलेली. गाडी घेतली त्या दिवसापासून तिची जागा तीच. दुसरी चावी तिजोरीत होती. मालक म्हणाले, "साहेब, दोन्ही चाव्या घरात हायेत. मंग गाडी काय भुतानं नेली? ड्रायव्हरले धरा. त्याच्याशिवाय हे कोणाले जमत नाही."

ड्रायव्हर रिठद गावचा. बौद्ध कुटुंबातला, बत्तीस-तेहतीस वर्षांचा, पाच वर्षं त्याच घरी गाडी चालवत होता. एका सरकारी खात्यात चालक म्हणून त्याची नुकतीच निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद त्याच आठवड्यात आमच्या ठाण्यात येऊन पडला होता. मालकांच्या मते हाच पुरावा. नोकरी सोडून चाललेला माणूस जाता जाता हात मारणारच.

त्याला बोलावलं आणि दोन दिवस बसवून ठेवलं. सकाळी बोलवायचं, दिवस मावळला की सोडायचं. हात कोणी उचलला नाही. पण येणारा-जाणारा बघत असताना ठाण्याच्या बाकावर बसून राहणं हाही मारच असतो, हे मला नोकरीत असताना कळत होतं आणि तरी मी ते करत होतो.

आमच्या जमादाराने विचारलं, चावीची नक्कल कधी केली. ड्रायव्हर म्हणाला, गाडी लावली की चावी ओट्यावर खिडकीत ठेवतो, घरातलं कोणीतरी आत नेतं. पाच वर्षांत त्याने त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. चहासुद्धा ओट्यावरच, वेगळ्या कपात.

"म्हणजे तू देवघर पाह्यलंच नाही?"

"देवघर कुठी हाय तेच ठाऊक नाही मले."

"मंग काय देवानं बाहेर आणून देली चावी?"

"ते देवाले विचारा. मी त्याच्या वळखीचा नाही."

जमादार हसला. मीही हसलो. ड्रायव्हर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावक टपाल सहीला आलं. त्यात त्याच्या पडताळणीचा अहवाल होता. लेखनिकाने शेरा लिहिला होता, 'गाडी चोरीच्या गुन्ह्यात संशयित म्हणून चौकशी सुरू.' शेरा खोटा नव्हता. मी सही केली.

त्याच संध्याकाळी शेलूबाजारहून बातमी आली. आमच्या ओळखीच्या एका जीपवाल्याने हायवेवरच्या पंपावरची गंमत सांगितली होती. आम्ही पंपावर गेलो. डिझेल भरणारा माणूस म्हणाला, "पांढरी गाडी होती, दोघं होते. म्या म्हणलं, गाडी बंद करा. तं म्हणे बॅटरी डाऊन हाय, मंग चालू होणार नाही. इतकी नवी गाडी अन् बॅटरी डाऊन? म्हणलं, मोठ्या लोकाइचं काही खरं नाही. टाकलं तसंच."

परत येताना जीपमध्ये मी तेच घोळवत होतो. ज्याच्याजवळ चावीची नक्कल आहे, तो गाडी बंद करायला कशाला भिईल? ही गाडी एकदा बंद पडली असती तर त्यांच्याकडून सुरूच होणार नव्हती. म्हणजे चावी त्यांच्याजवळ नव्हतीच.

ठाण्यात येऊन मालकांचा जबाब पुन्हा काढला. मीच घेतलेला. वर लिहिलं होतं, 'चावी ड्रायव्हरनेच देवघरातून उचलली असावी.' खाली सहा ओळींवर, 'आमच्या देवघरात घरच्यांशिवाय कोणी जात नाही, सोवळं आहे. ड्रायव्हर तर ओट्याच्या आत येत नाही.' दोन्ही वाक्यं एकाच पानावर, एकाच सहीखाली. सांगताना मालकांच्या लक्षात आलं नाही. लिहिताना माझ्याही नाही. ओट्याच्या आत न येणारा माणूस आम्हा दोघांना इतका नेहमीचा वाटत होता की त्याचं ते आत न येणं हीच त्याच्या निर्दोषपणाची साक्ष आहे, हे दिसलंच नाही.

देवघर होतं पोर्चला लागून. मधे एक भिंत. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात एक माणूस पाठीवर पिशवी घेऊन त्या भिंतीला टेकलेला दिसत होता. तो आम्ही पहिल्या दिवशीही पाहिला होता. एप्रिलात भिंतीच्या सावलीला कोणीही उभं राहतं, म्हणून सोडून दिला.

पाच दिवसांनी शेजारच्या जिल्ह्यात एका शेडमध्ये गाडी मिळाली. बंद पडलेली. सोबत दोघं आणि सिग्नल लांबवणाऱ्या दोन पेट्या. त्यांनी सगळं सांगितलं. गाडी हाक मारते, चावी ओ देते, अशी ती व्यवस्था. हाक दोन पावलांच्या पुढे जात नाही. एक पेटी गाडीजवळ, दुसरी भिंतीजवळ धरली की गाडीची हाक भिंतीपलीकडच्या चावीपर्यंत पोचते. गाडीला वाटतं मालक आला. त्यातला एक म्हणाला, या भागात चावी शोधावी लागत नाही. नव्या गाडीची चावी देवापाशी असते, आणि खिडकीतून समई दिसते.

पुढे मी गावोगावच्या बैठकांत सांगत फिरलो. चावी बाहेरच्या भिंतीजवळ ठेवू नका. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि डबा गाडीजवळ नेऊन दार उघडत नाही ना ते तपासा. बिनचावीची सोय बंद करता येत असेल तर करा. स्टेअरिंगला वेगळं कुलूप लावा. लोक ऐकतात, मान डोलावतात. त्या मालकांनीही डबा घेतला. तो देवघरातच ठेवला.

ड्रायव्हरसाठी मी दुसरं पत्र पाठवलं, 'गुन्ह्याशी संबंध नाही.' त्यासाठी दोनदा स्वतः त्या कार्यालयात गेलो. तिथे सांगण्यात आलं की मुदत संपली, प्रतीक्षा यादीतला उमेदवार रुजू झाला. माझं पत्र फाईलला लागलं.

निवृत्तीनंतर एकदा रिसोडच्या स्टँडवर तो भेटला. आता काळीपिवळी चालवतो. मला त्याने पुढच्या सीटवर बसवलं. जीप भरेपर्यंत आम्ही दोघंच होतो. मी पत्राचं सांगायला लागलो.

तो म्हणाला, "ठाऊक हाय मले, साहेब. दुसरं पत्र तुमी पाठोलं. पयलं काहून पाठोलं?"

मी म्हणालो, शेरा खरा होता, चौकशी चालू होती.

"माह्यी चालू होती. मालकाची काहून नव्हती?"

मागे प्रवासी चढले, त्याने गाडी सुरू केली. तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले आणि उत्तर येईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. त्याने मला बसवून ठेवलं नाही. माझं गाव आलं, त्याने जीप थांबवली आणि मी उतरलो.