पुस्तकातलं पाणी

वर्ष संपलं की आमच्या शाळेत नववीची मुलं पुस्तकं परत करतात. ती पुढच्या वर्षीच्या मुलांना द्यायची, म्हणून आधी पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खोडायच्या. आज वर्गभर खोडरबराचा वास होता आणि मी इतिहासाची पुस्तकं गोळा करत होते.

खिडकीजवळची वैशाली स्वातंत्र्यानंतरच्या प्रगतीच्या धड्यावर अडून बसली होती. तिथल्या धरणाच्या फोटोत, भरल्या पाण्यात, तिनं एक ठिपका काढला होता.

"हे काय गं?"

"आमचं जुनं गाव, बाई. आजीनं बोट ठेवून दाखवलं. हेपण खोडू?"

"सगळंच खोडायचं," मी सवयीनं म्हणाले.

तिनं खोडलं, पानावर फुंकर मारली आणि पुस्तक माझ्या गठ्ठ्यावर ठेवून ती गेली.

हा धडा मी किती वर्षं शिकवतेय! 'धरणांचे फायदे लिहा' हा तर माझा ठरलेला प्रश्न. मुलं सिंचन लिहितात, वीज लिहितात आणि मी गुण देते. त्यातली कितीतरी मुलं पुनर्वसन वसाहतीतून येतात, हे मला चांगलं ठाऊक असतं. तुमचं गाव कुठलं, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. आणि म्हणे इतिहास शिकवते!

वर्ग रिकामा झाल्यावर मी ते पान काढलं, हातात पेन्सिल घेतली. वैशालीनं फार मन लावून खोडलं होतं. सगळीकडे सारखंच पाणी होतं, आणि ठिपका कुठे द्यायचा ते मला कळेना.