दुधावाचून पांढरं

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की इस्पितळाच्या मागच्या दाराशी भाजीचा टेम्पो आधी ऐकू आला आणि मग दिसला. नळाचं पाणी हाताला चावत होतं. गाळणबाईंनी फ्लॉवरचे गड्डे पालथे करून मिठाच्या पाण्यात बुडवले, बोटं काखेत धरून जरा ऊब घेतली आणि परत पाण्यात हात घातला.

"हातमोजे घाला की," शेगडीपाशी लापशीत दूध घालणारा पैलवान म्हणाला.

"अळी हातमोज्याला कळते का रे? ती बोटालाच कळते."

"मग अळीला विचारा, थंडी वाजते का म्हणून."

पैलवान जन्मात कुस्ती खेळलेला नव्हता. अंगाने आडवा आणि मनाने लोण्याहून मऊ, म्हणून नाव पडलं. गाळणबाईंचं नावही असंच पडलेलं. चोवीस वर्षांपूर्वी त्या या स्वयंपाकघरात भांडी घासायला आल्या, पुढे भाजी चिरायला बसल्या, आणि मग पथ्याचा कोपरा त्यांच्याकडे आला. पथ्याचा कोपरा म्हणजे भिंतीलगतचा वेगळा ओटा, दोन शेगड्या आणि फळीवर वेगळी मांडलेली भांडी. तिथून काहीही गाळल्याशिवाय बाहेर जायचं नाही. चहा गाळायच्या, कढण गाळायच्या, आणि वॉर्डातले लोक म्हणायचे की बाई माणसंसुद्धा गाळून घेतात. नवरा लवकर गेला होता, मुलगी लग्न होऊन लांब. घरी एक खोली आणि एक कुंडी. बाकी सगळं आयुष्य या ओट्यावर.

आज त्यांच्या ओट्यावर एकच काम होतं आणि ते चौथ्या मजल्यावरच्या खिडकीजवळच्या खाटेचं होतं.

त्या खाटेवर टेलरकाकू होत्या. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेली किडकिडीत बाई, घशाचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेले. त्यांना दूध चालत नसे. चालत नसे म्हणजे आवडत नसे असं नव्हे, दुधाचा अंश पोटात गेला तरी गळा आतून सुजून श्वास कोंडायचा. एकदा भाचीकडे "यात दूध नाही हो" म्हणून वाटी पुढे आली होती आणि काकू दोन दिवस बेशुद्ध होत्या. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातचं त्या खात नसत. इस्पितळात मात्र दुसऱ्याचाच हात. नऊ दिवसांत वाट्या जशा वर गेल्या तशा खाली आल्या, काकू सलाईनवरच. शेवटी आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर परवा नाकातून नळी घालायची.

ते कळल्यावर त्याच दिवशी गाळणबाई स्वतः वर गेल्या होत्या.

"काय हो, माझी वाटी का परत पाठवता?"

टेलरकाकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाज घोगरा, तुटका. "तुमच्या अ‍ॅप्रनची दुमड उसवलीय."

"उसवू दे. सूपचं बोला."

"सूप कसलं? त्या पाण्यात भाज्यांनी आंघोळ केली होती का?"

गाळणबाई हसल्या. पण काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लहानपणापासून दुसऱ्यांच्या वाट्यांत बघत आले. पांढरं, दाट, चमच्याला चिकटणारं. एकदा खायचं होतं. नळी घातल्यावर काय चव कळणार?"

"दुधावाचून पांढरं?"

"जमत नसेल तर राहू द्या."

जमत नसेल हा शब्द गाळणबाईंना रात्रभर कुसळासारखा टोचत राहिला असणार, कारण सकाळी सहालाच त्या कामाला लागल्या होत्या. पांढरा घेवडा घरूनच भिजवून आणला होता. तो मऊ शिजवला आणि एकेका दाण्याचं साल काढून टाकलं. कांदा मंद आचेवर तेलात ठेवला आणि शेजारी उभ्या राहिल्या, कारण कांद्याला रंग आला की सूप मातकट होतं. त्यात फ्लॉवर, दोन बटाटे, एक सलगम. झाकण ठेवून वाफेवर इतकं शिजवलं की पळी लागताच फोड विरघळावी.

मिक्सरचं भांडं नवं काढलं होतं, रबराची कडी वेगळी करून उकळत्या पाण्यातून काढली होती. गरम सूप अर्ध्याच भांड्यात घ्यायचं, नाहीतर झाकण छताला जातं. झाकणावर जाड फडकं दाबून त्यांनी मिक्सर चालू केला. फिरता फिरता झाकणाच्या भोकातून तेलाची धार सोडली, दोऱ्यासारखी बारीक. ही युक्ती कुणी शिकवलेली नव्हती. पहिल्या दोन वेळा तेल एकदम ओतलं तर ते वर तरंगलं होतं. धार बारीक केली तसं सूपचा रंग बदलत गेला. करडा, मग पिवळसर, मग जुन्या चादरीसारखा पांढरा. बारीक चाळणीतून दोनदा गाळून त्यांनी पळी वर धरली. सूप पळीला धरून राहिलं.

"अगंबाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

वाटी भरली, झाकण ठेवलं, आणि तेवढ्यात आहारवाल्या मॅडमचा फोन वाजला. फोन दाराबाहेर, भिंतीवर. मॅडम विचारत होत्या की यादीत काय काय लिहायचं. गाळणबाईंनी घेवड्यापासून तेलापर्यंत सगळं सांगितलं. मागे ट्रॉली खडखडत गेली, लिफ्टचं दार आपटलं.

परत आल्या तर पैलवान हात पुसत उभा होता, चेहऱ्यावर सगळं इस्पितळ जेवू घातल्याचा आनंद.

"शेवटचा हात मी फिरवला हं बाई."

"कसला हात?"

"काकूंच्या वाटीत. लोण्याचा एवढा गोळा. झाकण उघडून पाहिलं तर फार एकटं एकटं दिसत होतं. म्हटलं, नऊ दिवसांची उपाशी बाई, जरा माया दिसू दे."

गाळणबाईंनी ओट्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "दूध नको म्हणून लिहिलंय तिथे. लाल अक्षरात."

"हो, पण लोणी कुठे दूध आहे?" पैलवान खरोखर गोंधळला होता. "घुसळून घुसळून दूध तर निघून जातं की त्यातलं."

लिफ्ट वर गेलेली होती. गाळणबाई जिन्याकडे वळल्या. एरवी त्या एक मजला चढायलाही कठड्याला धरून देवाचं नाव घ्यायच्या. त्या दिवशी चार मजले त्यांचे गुडघे कसे चढले ते गुडघ्यांनाच ठाऊक. वॉर्डाच्या दारात पोचल्या तेव्हा टेलरकाकू उशीला टेकून बसल्या होत्या. वाटी समोर होती. चमचा ओठाला लागलेला.

"टाका! काकू, टाका तो!"

पुढे होऊन त्यांनी वाटी ओढून घेतली. अर्धी चादरीवर सांडली. काकूंनी चमचा खाली ठेवला, अगदी हळू, जसं काही तो काचेचा होता.

"लोणी पडलंय त्यात," गाळणबाई धापा टाकत म्हणाल्या. "पोटात गेलं का?"

"नाही. ओठ लावला होता फक्त."

सिस्टर धावली. ओठ पुसला, तोंड धुतलं, इंजेक्शन दिलं. खालचा ओठ एका बाजूने घेवड्याच्या दाण्याएवढा वर आला. सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती आणि गाळणबाई काकूंच्या गळ्याकडे. श्वास वर, श्वास खाली. अर्ध्या तासाने सूज थांबली, तासाभराने उतरायला लागली.

टेलरकाकू एकच बोलल्या. "वास छान येत होता हो." आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

खाली आहारवाल्या मॅडम उभ्या होत्या. वयाने गाळणबाईंच्या मुलीएवढ्या, पण आवाज कडक. "कुणाची चूक?"

"ओटा माझा आहे. वाटी एकटी सोडून मी बाहेर गेले," गाळणबाई म्हणाल्या. "आणि लोणी यानं घातलं. दोन्ही लिहा."

मॅडमनी दोन्ही लिहिलं. "उद्याच्या नळीचं डॉक्टर आज संध्याकाळी ठरवतील," एवढं सांगून त्या गेल्या.

पैलवान बटाट्याच्या पोत्यावर बसून लहान मुलासारखा रडत होता. नाक शर्टाच्या बाहीला. "मी मारलं असतं हो बाई त्यांना."

गाळणबाईंना त्याच्यावर खेकसायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आलं ते निराळंच.

"माझ्या सासूबाईंना मीठ बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "पाय सुजायचे. महिनाभर आळणी जेवल्या आणि मग माझा हात धरून रडायला लागल्या. म्हणाल्या, सूनबाई, मला चवीशिवाय मारू नकोस. मग मी त्यांच्या भाजीत चिमूटभर घालायला लागले. रोज. त्या माझ्याकडे बघून हसायच्या, मीही हसायची. आमचं दोघींचं गुपित."

पैलवान रडायचा थांबला होता.

"दोन महिन्यांनी गेल्या. पाय खांबासारखे झाले होते. चिमटीनं गेल्या की जाणारच होत्या, ते मला कुणी सांगू शकत नाही. मी विचारलंही नाही कुणाला. दीर म्हणाले, वहिनींनी फार सेवा केली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं." त्यांनी ओला हात पदराला पुसला. "माया काय, हातात चिमूट आली की येतेच. पथ्याच्या ओट्यावर ती बाहेर ठेवून यायची असते. ऊठ आता."

"काय करू?"

"बाहेर जा. दार लाव. कुणी आलं तर सांग, बाई भांड्यापासून हलणार नाहीत. फोन वाजला तर तूच उचल."

भिजवलेला घेवडा मूठभर उरला होता. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पातेलं, पळी, चाळणी, मिक्सरचं भांडं, सगळं पुन्हा उकळलं. तेलाची नवी बाटली फोडली. कांद्यापाशी उभ्या राहिल्या. फ्लॉवर संपला होता म्हणून बटाटा एक जास्त घातला, आणि तेलाची धार सोडताना दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तीन वाजता वाटी भरली. ट्रॉलीवर ठेवली नाही. दोन्ही हातांत धरून स्वतःच वर गेल्या.

टेलरकाकूंनी पाहिलं आणि डोळे मिटले.

"आधी मी एक चमचा खाते," गाळणबाई म्हणाल्या.

"तुम्ही खाऊन काय कळणार? तुम्हाला कुठे काही होतं?"

ते खरंच होतं. मग काकूंनी डोळे न उघडताच विचारायला सुरुवात केली, शिवलेल्या कपड्याची एकेक शिवण बोटाने तपासावी तसं.

"पातेलं?"

"उकळलेलं. तीनदा."

"तेल?"

"नवी बाटली. माझ्या हातानं फोडली."

"मिक्सर?"

"रबर काढून उकळलं. उलट करून पाहिलं."

"गाळणं?"

"तेही."

"आणि तो तुमचा माणूस?"

"दाराबाहेर. रखवालीला बसवलाय."

काकूंच्या तोंडाचा न सुजलेला कोपरा किंचित हलला. मग त्या गंभीर झाल्या. "खात्री देता?"

गाळणबाईंनी विचार केला. सकाळी त्यांनी छातीठोक सांगितलं असतं. "नाही देत," त्या म्हणाल्या. "सकाळचीही मी दिली असती. एवढंच सांगते की भांड्यापासून मी हललेली नाही. आणि सिस्टर सुई भरून शेजारी उभी आहे. पुढचं तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर वाटी घेऊन खाली जाईन, राग धरणार नाही."

धुकं केव्हाच उठलं होतं आणि समोरच्या गच्चीवरचं ऊन खिडकीत येऊन पडलं होतं. काकूंनी डोळे उघडले, वाटीत पाहिलं. चमचा बुडवून वर काढला आणि तिरका केला. सूप हळूच, जाडसर घसरलं.

"चिकटतंय," त्या म्हणाल्या.

"चिकटतंय."

"बसा तुम्ही. उभं राहून बघू नका माझ्याकडे, मापं घेतल्यासारखं वाटतं."

गाळणबाई स्टुलावर बसल्या. पहिला चमचा गेला. गिळताना काकूंच्या मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. ते घशाच्या दुखण्याचं की कशाचं, विचारायची कुणाला हिंमत नव्हती. सिस्टरने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं. पंधरा. गळा होता तसाच होता.

दुसरा चमचा. तिसरा. मग काकूंनी मोजणं सोडलं.

अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागला. उरलेली त्यांनी बाजूला केली. "आता पुरे. दुखतंय." आणि जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात, "असं लागतं होय ते."

"दुधाचं थोडं निराळं लागतं," गाळणबाईंनी खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं.

"असू दे. माझं हेच."

सिस्टरने तक्त्यावर अर्धी वाटी असं लिहिलं. डॉक्टर सहाला येणार होते. नळी टळली की नाही ते त्यांनीच ठरवायचं होतं, पण तक्त्यावर नऊ दिवसांत पहिल्यांदा काही लिहिलं गेलं होतं.

गाळणबाई उतरताना मात्र कठड्याला धरूनच उतरल्या, एकेक पायरी, मध्ये दोनदा थांबून. पैलवान दाराबाहेर स्टुलावर ताठ बसला होता.

"खाल्लं?"

"अर्धी."

त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मग उठून त्याने दार उघडून धरलं.

संध्याकाळच्या जेवणाला दोन तास होते आणि गाजरं अजून सोलायची होती. गाळणबाईंनी पाट ओढला, परात पुढ्यात घेतली आणि पहिलं गाजर उचललं.